सुट्टी सगळ्या घराची

लागून सुट्टी आली की आम्हा शीवकरांकडे पाहुणे ठरलेलेच! २०२५ साली १४ एप्रिल सोमवारी आला, तेव्हा शनिवारीच कल्याण-बदलापूरची मंडळी शीव स्टेशनवर उतरली. पोरे किल्ल्यावर पळाली, घरात गप्पा रंगल्या. मटणाचा रस्सा, सुकट-वांगे, तांदळाच्या भाकऱ्या, जयंतीची खीर. तीन दिवस चंगळ! मात्र घरच्या बाया गॅसपुढून हलल्या नाहीत.

बांधवांनो, सुट्टी कुणी फुकट दिलेली नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४५ साली कारखाना कामगारांसाठी पगारी सुट्टीचा कायदा झाला. गिरणीतल्या घामाला विश्रांतीचा हक्क आहे, मग चुलीपुढच्या घामाला का नसावा?

पुढच्या सुट्टीत एवढे करू या. मटण धुणे, मसाला वाटणे पुरुषांनी करावे. भांडी मुलींबरोबर मुलांनीही घासावीत. पाहुण्यांनीही हात लावावा. आणि निदान एका जेवणाला आई, वहिनी, सूनबाई यांची पंगत आधी बसवावी, आपण वाढावे.