परवाना दुकानदाराला, मग मोबाईलवाल्याला का नको?



गेल्या हंगामात कळंब शिवारातील एका सभासदाचा आडसाली प्लॉट पाहण्यास गेलो होतो. चार महिन्यांचा ऊस, पण शेंडे करपलेले. विचारले तर म्हणाले, "साहेब, मोबाईलवर एकानं सांगितलं, तणनाशक, कीटकनाशक अन् टॉनिक एकाच पंपात घाला, मजुरी वाचती." मजुरी वाचली खरी, पण उसाची वाढ महिनाभर थांबली. सल्ला देणाऱ्याचे शिक्षण काय, गाव कोणते, कुणालाच ठाऊक नाही. जबाबदार धरायचे तरी कुणाला?

आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ पासून आहे. औषध विकायचे तर परवाना लागतो. २०१५ साली नियमात दुरुस्ती होऊन विक्रेत्याला शिक्षणाची अटही आली. दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ पासूनच एक वर्षाची पदविका सुरू केली आहे. म्हणजे गल्ल्यावर बसून बाटली देणाऱ्याने शिकलेले असावे, आणि लाखो लोकांना तीच बाटली किती ओतायची हे सांगणाऱ्याला मात्र काहीच अट नाही. हा कुठला न्याय?

हा प्रश्न जिवाचाही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधांचे मनमानी मिश्रण हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. शेअरबाजारात पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर 'सेबी'कडे नोंदणी लागते. चीनने २०२२ मध्ये वैद्यक, कायदा, अर्थ अशा विषयांवर थेट प्रक्षेपणातून बोलणाऱ्यांना पात्रतेची अट घातली. मग शेतकऱ्याचे पीक आणि जीव काय स्वस्त आहेत?

शिकलेला तेवढाच शहाणा, असे माझे म्हणणे नाही. माझ्याकडे कृषी पदविका आहे, पण खोडवा राखण्याचे बारकावे मला याच भागातल्या जुन्या बागायतदारांनी शिकवले. आपला अनुभव कुणीही खुशाल सांगावा, त्यावर बंधन नको. परंतु औषधाचे नाव आणि प्रमाण सांगायचे, तर सांगणाऱ्याचे नाव, शिक्षण व नोंदणी पडद्यावर दिसलीच पाहिजे. कंपनीकडून पैसे घेतले असतील तर तेही सांगावे. साधी खताची गोष्ट घ्या. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, सुरू उसाला २५० किलो. लागण कधीची, जमीन कशी, हे न विचारता जो "एकरी इतकी पोती टाका" म्हणतो, तो अंदाजच सांगतो.

आमचीही चूक कबूल करतो. सभासद मोबाईलकडे वळतो, कारण तो रात्री दहा वाजताही उत्तर देतो; आमचा माणूस मात्र चार निरोप धाडल्यावर बांधावर पोचतो. शेतकी खात्याने ही ढिलाई सोडली पाहिजे. नाहीतर कायदा येऊनही उपयोग नाही.

तो कायदा येईल तेव्हा येईल. तोवर एवढे करा. मोबाईलवर औषध ऐकले, तर पंप भरण्याआधी बाटलीवरचे लेबल वाचा आणि गट ऑफिसात विचारा. व्हिडिओ पुसून टाकता येतो, करपलेला ऊस पुन्हा हिरवा होत नाही.

— ऊस विकास अधिकारी