रडा, पण माईकसमोर

पोरांच्या मनावर आमच्या सोलापुरातल्या शाळांना एकच औषध माहीत आहे: व्याख्यान. कुठे काही विपरीत घडलं, पेपरात बातमी आली, की मैदानावर मांडव पडतो आणि बाहेरगावचा वक्ता 'आई-बाप समजून घ्या' म्हणत घाम गाळतो. मागे करुण संगीत. आईच्या फाटक्या साडीपाशी पहिली मुलगी फुटते; बापाच्या झिजलेल्या चपलेपर्यंत दहावीच्या रांगाच्या रांगा हुंदके देऊ लागतात. संस्थाचालक डोळे टिपतात, शूटिंग चालूच. संध्याकाळी रील.

मला याचा संताप येतो. ज्या पोराला आधीच रात्ररात्र झोप नाही, त्याला तुम्ही वर हे ऐकवता: आई विड्या वळते, बाप पॉवरलूमवर उभा राहतो, आणि तू नालायक! अहो, आईच्या बोटांची काय दशा झालीय ते त्याला ठाऊक आहे. तो त्याच खोलीत झोपतो. आई-बाप त्याला समजलेले आहेत, तो कुणाला समजलाय? 'पोरगं समजून घ्या' असं व्याख्यान पालकांसाठी ठेवून बघा. खुर्च्या भाड्याने आणायची गरज पडणार नाही.

तोच मुलगा घरी रडला तर 'काय बे, पोरीसारखं रडतो?' 19 जानेवारी 2024 ला याच सोलापुरात, रे नगरच्या 15 हजार घरांच्या कार्यक्रमात, बालपण आठवून पंतप्रधानांचा कंठ दाटला, तेव्हा मात्र कुणी असं विचारलं नाही.

सरकारी आकडा ऐका. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले 1,764 महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात जून 2025 मध्ये 'नीट'च्या सराव परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मारहाण होऊन एक मुलगी गेली. पोलिसांनी अटक केली ती बापाला. आता तिथे कुणी कुणाला समजून घ्यायचं होतं?

25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. प्रशिक्षित! चित्रकलेच्या सरांचा मोकळा तास म्हणजे समुपदेशन नव्हे. समुपदेशक बोलतो कमी, ऐकतो जास्त. म्हणून तर त्याची रील होत नाही आणि म्हणूनच संस्थेला तो परवडत नाही. तोवर 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट, चोवीस तास चालणारा, मराठीत बोलणारा नंबर तरी वर्गाच्या भिंतीवर लिहा. तिथे सध्या टॉपरचे फोटो आहेत.

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना विचारा: समुपदेशक कोण, शिक्षण काय, कोणत्या वारी बसतात? आणि पोराने विश्वासाने सांगितलेलं लगेच बापाच्या कानावर घालता का? 'हो, घालतो की' असं कौतुकाने उत्तर आलं, तर पोरं तिथे तोंड का उघडत नाहीत हे वेगळं विचारू नका.