वाऱ्याचे माप

रावेरास वादळ म्हणजे केळीचे मरण. वैशाखातील एका वादळाने उभी बाग आडवी होते. हवामानावर आधारलेल्या पीकविम्यात भरपाईसाठी वाऱ्याचा मोजलेला वेगही पाहिला जातो. म्हणून करवंट्यांचे वायुवेगमापक शाळेत करविणे आम्हांस इष्ट वाटते. मात्र ते प्रदर्शनात मिरविण्यापुरते नव्हे. रॉबिन्सनने १८४६ साली चार वाट्यांचे असे यंत्र केले, तेव्हा वाऱ्याचा वेग वाट्यांच्या तिप्पट असतो, असे त्याने मानिले. पुढे ते चुकीचे ठरले. हे प्रमाण वाट्यांच्या व दांड्यांच्या आकारमानाप्रमाणे बदलते. तेव्हा फेरे मोजून पुस्तकातल्या तिनाने गुणणे व्यर्थ होय! वारा पडलेल्या सकाळी यंत्र सायकलीस पुढे बांधून ताशी १०, १५, २० किलोमीटर वेगाने जावे, फेरे टिपावे, मगच कोष्टक करावे. एवढा खटाटोप कशास, असे विद्यार्थी विचारितात. आणि त्यांतील पुष्कळांच्या घरी केळीच आहे.