किनारा लांब, फाटे मोजके

श्रीवर्धनहून दिवेआगरला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता माझ्या फार आवडीचा. आरावी मागे पडली की समुद्र अगदी चाकांना येऊन भिडतो, आणि थोड्या वेळाने शेखाडी लागते. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग असते, मुलं खडकांवर चढतात, कुणी सुकट विकत घेत असतं. मला मात्र तिथे दरवेळी दोन तारखा आठवतात: ३ आणि ७ फेब्रुवारी १९९३. या दोन खेपांत शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स आणि बंदुका उतरल्या. दुसऱ्या खेपेनंतर तेहेतिसाव्या दिवशी, १२ मार्चला, मुंबईतल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली.

‘एवढा मोठा किनारा, सरकार कुठेकुठे पाहणार?’ असं आपण सहज म्हणतो. महाराष्ट्राचा किनारा शेकडो किलोमीटरचा आहे, त्यात खाड्या आणि आडबाजूच्या पुळणी असंख्य, हे खरं. पण उतरलेला माल पुळणीवर ठेवून कुणाचा फायदा होत नाही. तो मुंबईला न्यायचा तर ट्रक लागतो, ट्रकला डांबरी रस्ता लागतो, आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडून महामार्गाला मिळणारे रस्ते त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. किनारा लांब असला तरी फाटे मोजकेच असतात. कोकणातल्या तस्करांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ‘लँडिंग’चा सगळा खर्च समुद्रावर होत नसे. त्यातला मोठा हिस्सा फाट्यावरच्या माणसांसाठी राखलेला असे.

दिघीचं उदाहरण घ्या. राजपुरी खाडीच्या तोंडाशी, जंजिऱ्यासमोरच्या या बंदरावर जानेवारी १९९३ मध्ये शस्त्रांची आधीची खेप उतरली. ते ट्रक गोंडघर फाट्यावर पोलिसांनी खरोखरच अडवले होते. म्हणजे गस्त होती, माणसं जागी होती, ट्रक हाताशी आला होता. तिथे घासाघीस झाली, रक्कम ठरली, आणि तेवढी रोकड जवळ नसल्याने चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या गेल्या. ट्रक पुढे गेले. बॉम्बस्फोट खटल्याच्या कागदांतला हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे वाचवेना. तारण घ्यायला वेळ होता, ताडपत्री उचलून आत काय आहे ते पाहायला नव्हता.

कस्टम्सची कथा याहून जास्त लागते, कारण तस्करी रोखणं हे तर त्या खात्याचं मूळ काम. सोमनाथ थापा हे अतिरिक्त कलेक्टर, म्हणजे वरच्या फळीतले अधिकारी. माल उतरणार अशी खबर त्यांच्यापर्यंत पोहोचली होती आणि त्यांनी नाकाबंदीही लावली. मात्र ट्रक ज्या वाटेने जायचे ती वाट मोकळी राहिली, हा त्यांच्यावरच्या आरोपाचा गाभा. २००७ मध्ये दहशतवादविरोधी टाडा कायद्याच्या विशेष न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली. खात्यातले आणखीही काही जण दोषी ठरले.

हे सगळं घडण्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी, याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला, याच खात्यातला एक माणूस अगदी उलट वागला होता. गोव्यातले कस्टम्सचे अधिकारी कोस्ताव फर्नांडिस. १६ मे १९९१ रोजी सासष्टीतल्या फात्राडेच्या किनारी सोनं उतरणार अशी खबऱ्याने टिप दिली. कोस्ताव मोटारसायकलवरून निघाले. संशयित गाडीचा पाठलाग करून त्यांनी ती अडवली. गाडी चालवत होता तो एका माजी मुख्यमंत्र्यांचा भाऊ. झटापट झाली, सुरा निघाला, नि:शस्त्र कोस्ताव जखमी झाले आणि त्याच झटापटीत समोरच्या माणसाचा जीव गेला. नंतर या अधिकाऱ्याला जिवाच्या भीतीने लपावं लागलं. तपास सीबीआयकडे गेला आणि आरोप लागला तो खुनाचा.

ज्या सरकारसाठी त्यांनी गाडी अडवली, त्याच सरकारची तपास यंत्रणा त्यांच्यावर खटला चालवत होती. हे जवळपास पाच वर्षं चाललं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या १५५व्या कलमात कर्तव्य बजावताना सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. ते त्यांना अखेर लागू झालं. त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे थापांचं प्रकरणही आलं, आणि त्यांच्यावरचे आरोप कायम राहून त्यांना खटल्याला सामोरं जावं लागलं. एकाच खात्याचे दोन अधिकारी, एकच वर्ष, एकच न्यायालय. दोन्ही निकाल योग्य होते असं मी मानतो. पण कोस्ताव यांना हा न्याय मिळेपर्यंत पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांत खात्यातल्या प्रत्येक तरुण निरीक्षकाने हे पाहिलं असणार की गाडी अडवणाऱ्याचं काय होतं.

फाट्यावर ट्रक सोडून देणारे सगळेच लोभाने सोडत नसतात. पैसा असतोच, पण त्याच्या जोडीला एक हिशोब असतो: अडवलं तर आपल्या मागे कोण उभं राहील? वरिष्ठाने फोन उचलला नाही, टिप आपल्याच कचेरीतून फुटली, समोरचा माणूस वजनदार निघाला, तर कोर्टाच्या पायऱ्या आपल्यालाच चढायच्या. हा हिशोब ज्याच्या मनात पक्का झाला तो एकदा डोळेझाक करतो, मग हप्ता बांधला जातो. पुढे पेटीत काय आहे हे विचारायची सवयच सुटते. चांदीसाठी मोकळी ठेवलेली वाट आरडीएक्सलाही मोकळीच असते.

‘कोस्ताव’ हा चित्रपट २०२५ मध्ये ओटीटीवर आला, नवाजुद्दीन सिद्दीकी त्यात आहेत. नव्या पिढीला त्यामुळे नाव तरी कळलं, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तो काळ संपला असं समजून कुणी निश्चिंत होऊ नये. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, १९९२ पासून अनिवासी भारतीयांना सोनं आणायची मुभा मिळाली आणि दहा तोळ्यांच्या बिस्किटांचा जुना धंदा ओसरला. २०१३ मध्ये आयात शुल्क दहा टक्क्यांवर गेलं तशी सोन्याची तस्करी पुन्हा वाढली, आता विमानतळांवरून. २०२४ मध्ये शुल्क सहा टक्क्यांवर आणलं गेलं, ते योग्यच झालं. अमली पदार्थांना असा शुल्काचा उपाय नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) दोन कंटेनरांतून सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडलं. कागदोपत्री तो शंखजिऱ्याचा माल होता. आजचा फाटा म्हणजे बंदरातलं टेबल: कुठला कंटेनर उघडायचा आणि कुठला सोडायचा, ते तिथे ठरतं.

त्या टेबलाशी बसणाऱ्या निरीक्षकासाठी माझी मागणी साधी आहे. कारवाईवरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, तर पहिल्या दिवसापासून त्याचा वकील सरकारी खर्चाने उभा राहिला पाहिजे. १५५व्या कलमाचं संरक्षण त्याला लागू होतं की नाही, याचा निर्णय ठरावीक महिन्यांत झाला पाहिजे. टिप मिळाल्याची वेळ आणि ती कुणाकुणाला सांगितली याची नोंद मोहोरबंद राहिली पाहिजे, म्हणजे खबर फुटली तर कुठून ते शोधता येईल. आणि किनाऱ्यावर असो की बंदरात, कुणालाही एकट्याला पाठवता कामा नये. फात्राडेच्या वाटेवर त्या दिवशी कस्टम्सची आणखी चार माणसं असती, तर कदाचित दोन्ही माणसं जिवंत घरी गेली असती, आणि पाच वर्षांचा तो खटला उभाच राहिला नसता.