विटेचें यंत्र कोणाचें?

यंत्र आलें म्हणजे कुंभार-वडारांच्या पोटावर पाय आला, असें कांहीं म्हणतात; यंत्र आलें म्हणजेच सुधारणा झाली, असें दुसरे म्हणतात. दोघेही अर्धेंच बोलतात.

1865 सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. साच्यांत दाबलेलें तें कौल कोंकणांत व देशावर पसरलें आणि गांवकुंभाराच्या नळीच्या कौलांचा धंदा बसला. त्या वेळीं कुंभारास कोणीं विचारलें नाहीं. आतां पाळी विटेची आहे. सिमेंट, चुना, राख व अल्युमिनियमची भुकटी यांचें मिश्रण फुगवून, वाफेच्या दाबाखालीं पक्के केलेले ठोकळे बाजारांत आले आहेत. स्वीडनच्या एरिक्सन यांनीं 1924 सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. तेवढ्याच आकाराच्या विटेच्या मानानें ठोकळ्याचें वजन सुमारें एक तृतीयांश. मिसळणें, कापणें, उचलणें हीं कामें कारखान्यांत यंत्रेंच करतात.

हा हलकेपणा सातारकरांनीं थट्टेवारी नेऊं नये. 11 डिसेंबर 1967 रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां पाटण तालुक्यांत मातींत रचलेल्या जड दगडी भिंतींखालीं माणसें गाडलीं गेलीं. 2019 च्या ऑगस्टांत कृष्णेच्या पुरानें सांगलीकडे मातीचीं घरें बसलीं. अर्थात् हलका ठोकळा एकटा कोणास तारीत नाहीं. भिंतीला सळईचा पट्टा हवाच. पण गरिबाचें घर हलकें व टिकाऊ व्हावें, याला विरोध करणारा गरिबाचा मित्र नव्हे.

आणि हातविटेचा धंदा म्हणजे तरी कोणता स्वर्ग? मालकाची उचल घ्यावयाची, नवराबायकोनें हजारीं भावानें विटा पाडावयाच्या, आणि दिवाळी सरली कीं पोराचें नांव हजेरीपटावर व पोर मात्र भट्टीवर! आम्हां शिक्षकांना हें दर सालीं पाहावें लागतें. शेताची कसदार माती भट्टींत जाते, तें निराळेंच. असल्या वेठीचे गोडवे गाऊन यंत्राला शिव्या देणें, यांत मजुराचें हित कोठें आहे?

खरा प्रश्न एवढाच कीं, यंत्र कोणाचें? तें केवळ पैसेवाल्याचें राहिलें, तर कुंभाराच्या पिढ्यान् पिढ्यांच्या गिऱ्हाइकावर तो आयत्या बिळावरचा नागोबा होऊन बसेल, आणि वडार त्याच्याच दारांत रोजंदारीला उभा राहील. पण याच सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांनीं भागभांडवल जमवून सहकारी साखर कारखाने उभे केले ना? उसाला जें साधलें, तें विटेला कां साधूं नये? मोठा कारखाना एकदम झेपणार नाहीं; पण तालुक्यागणिक सहकारी संस्था काढून विटा दाबण्याचें लहान यंत्र घेतां येईल. सरकारनें शाळाखोल्या व दवाखाने बांधतांना त्या संस्थांचा माल आधीं घ्यावा. जुन्या भट्टीमजुरांना यंत्र चालविण्याचें शिक्षण सरकारी खर्चानें द्यावें. ही भीक नव्हे, हक्क आहे.

बंधूंनो, यंत्र तुमच्या अडविण्यानें अडणार नाहीं. त्याचे भागीदार व्हा. आणि संस्था निघेपर्यंत वाट न पाहतां मुलांच्या हातांतला साचा काढून पाटी द्या. कारण ज्याला हिशेबाची वही वाचतां येत नाहीं, त्याला स्वतःच्या संस्थेंतही दुसराच मालक भेटतो.

— एक खेडेगांवचा शिक्षक