पावसाच्या मुलखात संडास जमिनीवर हवा

2014 साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली, घरटी बारा हजार रुपयांचे अनुदान आले आणि 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. गावोगावी संडास उभे राहिले, बायाबापड्यांची अंधाराची वाट पाहणे टळले. ही मोठीच गोष्ट झाली. पण वाचकहो, संडास बांधला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. खड्डा आज ना उद्या भरतोच. भरल्यावर तो उपसायचा कोणी आणि टाकायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बांधतानाच द्यावे लागते.

मावळात हा प्रश्न अधिक अवघड आहे. कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या रस्त्याला लागलात की इंद्रायणीचा पूल लागतो. पुढे आंदर मावळ, दोन्ही अंगाला भाताची खाचरे. आषाढ-श्रावणात इथल्या सखल जमिनीत थोडे खणले तरी पाणी लागते. अशा ठिकाणी खोल खड्डा घेतला की मैला कुजत नाही, पाण्यात तरंगतो. तेच पाणी झिरपत विहिरीला, ओढ्याला आणि शेवटी नदीला मिळते. ही इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, वारकरी तिचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. डोंगरावरच्या धनगरवाड्यावर, कातकरी पाड्यावर प्यायला पाणी नसते, तिथे संडासात बादलीभर ओतायचे कुठून? मग दाराला कुलूप लागते आणि आत सरपण भरले जाते.

जिथे जमीन कोरडी आणि पाणी खोल आहे, तिथे दोन खड्ड्यांचा साधा संडास उत्तमच. एक भरला की दुसरा वापरायचा. पण पाणथळ जागी आणि पाण्यावाचूनच्या वस्तीवर खतसंडास अधिक बरा. त्याची रचना कोणाही गवंड्याला जमेल अशी आहे.

खड्डा खणायचाच नाही. पावसाचे पाणी शिरणार नाही असे उंच जोते घ्या. त्यावर विटांचे दोन कप्पे बांधा. प्रत्येक आतून तीन फूट रुंद, चार फूट लांब, तीन फूट उंच. तळाला कोबा करा, भिंती आतून गिलावा करून घ्या. मागच्या बाजूला खत काढायला झाकण ठेवा. वर स्लॅब, स्लॅबवर प्रत्येक कप्प्यासाठी भोक, आणि चढायला पायऱ्या. कप्प्यातून छपराच्या वर जाणारा पाइप काढा, त्याच्या तोंडाला जाळी बांधा. वास वर जातो आणि माश्या अडतात. छप्पर चांगले पुढे काढा, कारण इथला पाऊस सरळ कमी आणि आडवा जास्त.

मुख्य गोष्ट एकच, कप्प्यात पाणी जाता कामा नये. लघवी वेगळ्या नळीने डब्यात घ्यायची, धुण्याचे पाणी तिसऱ्या वाटेने केळीच्या किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडायचे. तामिळनाडूत मुसिरी गावी अशा पद्धतीचे संडास लोक वापरतात. तेही आपल्यासारखेच पाण्याने धुणारे. प्रत्येक वापरानंतर वाटीभर राख टाका. चुलीची राख, भाताचे तूस, वाळका पाला, मावळात यातले काय कमी आहे? पाच माणसांच्या घराला एक कप्पा साधारण वर्षभर पुरतो. भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा आणि पहिल्याला पूर्ण वर्षभर हात लावायचा नाही. जंतांची अंडी चिवट असतात, ती मरायला तेवढा काळ लागतो. घाई केली तर खत नव्हे, रोग शेतात जाईल. तयार झाले की काळसर, भुसभुशीत, वास नसलेली माती हाती येते. ती फळझाडांच्या आळ्यात घाला, कच्च्या खायच्या भाजीला नको. लघवी पाचदहा पट पाणी मिसळून झाडांच्या बुडाशी द्या. नत्राचा मोठा वाटा तिच्यातच असतो. आपले जुने लोक त्याला सोनखत म्हणत, ते उगाच नव्हे.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईकाम करू द्यावे म्हणून उपवास केला, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करण्याचे प्रयोग केले. त्यांचाच वारसा आपल्या शेजारी देहूत डॉ. मापुसकरांनी चालवला. 1960 च्या सुमारास त्यांनी तिथे बांधलेले पहिले संडास पहिल्याच पावसात ढासळले. त्यांनी काम सोडले नाही, नमुना बदलला, पुढे संडासाला जोडलेला गोबरगॅस उभा केला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मावळाने त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. संडास नकाशाप्रमाणे नव्हे, जमीन नि पाऊस पाहून बांधावा.

अप्पासाहेबांचा आग्रह खतापुरता नव्हता. एका माणसाची घाण दुसऱ्याने जन्मभर डोक्यावर वाहायची, ही रीत त्यांना मोडायची होती. 2013 च्या कायद्याने न कुजलेला मैला माणसाकडून हाताने उपसून घेण्यास बंदी केली. तरी भरलेली टाकी साफ करायला कोणाला बोलावतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. वर्षभर कुजलेली माती मात्र घरधनी स्वतः खोऱ्याने ओढू शकतो. त्याला दुसऱ्याची गरज नाही आणि लाजही नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत किती संडास झाले एवढेच विचारू नका. किती वापरात आहेत, किती भरले, आणि भरलेल्यांचे काय केले, तेही विचारा. नवा बांधत असाल तर श्रावणात आपल्या जागेवर पाणी कुठवर चढते ते आधी पाहा, मग गवंड्याला बोलवा.