टाकीच्या पोटात काय शिजतंय? थर्मल कॅमेरा सांगतो, पण अर्धंच

पारोळा : शिरपूर तालुक्यातील वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात ३१ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी स्फोट झाला आणि बारापेक्षा जास्त जणांचा जीव गेला. पारोळ्याहून वाघाडी जेमतेम दोन तासांच्या वाटेवर. त्यानंतर खान्देशात कुठेही कारखान्यातून धूर निघाला की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात : आधी कोणाला काहीच कसं कळलं नाही? साठवण टाक्यांची तपासणी करणाऱ्या इन्फ्रारेड म्हणजेच थर्मल कॅमेऱ्याचा विषय या प्रश्नापाशी येतो. तो कॅमेरा काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे मालकाइतकंच कामगारांनी आणि शेजारच्या गावानेही समजून घ्यायला हवं.

रेघ कशी दिसते

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. डोळ्यांना ते दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. टाकीतला द्रव सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. वरची रिकामी जागा झटपट तापते, झटपट थंड होते. त्यामुळे दिवसा टाकीचा वरचा भाग जास्त गरम दिसतो, तर सूर्य मावळून तास-दोन तास झाले की चित्र उलटं होतं. मधे सरळ रेघ उमटते, तीच द्रवाची पातळी. तळाशी गाळ साचला असेल तर तिथे वेगळा पट्टा दिसू शकतो. पातळी दाखवणारा काटा अडकला असेल तर टाकी न उघडता, शिडी न चढता चूक पकडता येते.

मळीच्या टाक्यांसाठी तर हे फार कामाचं. साखर कारखान्यातली मळी जास्त तापली की तिच्यात आपोआप प्रक्रिया सुरू होते, उष्णता वाढत जाते, फेस येऊन ती उतू जाते. म्हणून ती साधारण ४० अंशांच्या आत ठेवण्याची धडपड असते आणि उन्हाळ्यात टाकीवर पाण्याचे फवारे मारले जातात. जिथे मे महिन्यात पारा ४५ कडे जातो, तिथे तापमापकाच्या एका आकड्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं.

याचं सर्वात कडू उदाहरण विशाखापट्टणमचं. ७ मे २०२० च्या पहाटे तिथल्या कारखान्यातून स्टायरिनची वाफ सुटली आणि १२ जणांचा बळी गेला. टाळेबंदीत कारखाना बंद होता, टाकी भरलेली होती. चौकशीत पुढे आलं की तापमान टाकीच्या तळाशी मोजलं जात होतं, वरच्या थरांचं नाही. खाली आकडा ठीक, वर द्रव तापलेला. कॅमेरा असता तर दुर्घटना टळलीच असती, असं म्हणता येणार नाही. टाकीवर उष्णतारोधक आवरण असेल तर आतलं बाहेर नीट उमटतही नाही. पण धडा स्पष्ट आहे : एका जागचा आकडा म्हणजे अख्खी टाकी नव्हे.

कुठे फसवतो

हा कॅमेरा पोलादाच्या आरपार बघत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान वाचतो. पत्रा आतून गंजून किती पातळ झाला, हे त्याला कळत नाही; त्यासाठी अल्ट्रासोनिक जाडी-तपासणीच लागते. चकचकीत स्टील किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तर तो आकाशाचं प्रतिबिंबच वाचतो आणि आकडा साफ चुकतो. जाणकार तंत्रज्ञ अशा ठिकाणी काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजतो. भर दुपारच्या उन्हात, जोराच्या वाऱ्यात घेतलेल्या फोटोवर विसंबणं चुकीचं. गॅसगळती दाखवणारा कॅमेरा वेगळा असतो आणि कितीतरी महाग. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीसाठी हातातला थर्मल कॅमेरा जवळपास निरुपयोगी.

म्हणजे रंगीत फोटोंची फाइल दाखवून ‘टाकी तपासली’ असं कोणी सांगितलं, तर ते अर्धसत्य आहे.

पारोळ्याला काय त्याचं?

पारोळा म्हणजे कापूस, जिनिंग आणि रात्रंदिवस टँकर धावणारा सुरत-नागपूर महामार्ग. मोठ्या तेल कंपन्यांकडे तपासणीची स्वतःची यंत्रणा असते. प्रश्न लहान युनिटचा आहे. तिथे एक सुपरवायझर, चार कामगार, आणि ‘आतापर्यंत काही झालं नाही ना’ हा भरवसा. जिनिंगमध्ये तर टाकीपेक्षा पॅनेलकडे आधी बघायला हवं. विजेचं ढिलं जोड आगीच्या कितीतरी आधी गरम होतं आणि चालू लोडवर थर्मल कॅमेरा ते लगेच दाखवतो. मोकळ्या कापसाशेजारी अशी एक ठिणगी पुरते. दूध शीतकरण टाकीवर बाहेरून थंड डाग दिसला, तर आवरण खराब झाल्याचा संशय घ्यावा. तिथून वीजबिल गळत असतं.

प्रत्येकाने कॅमेरा विकत घ्यावा, असं नाही. दहा-बारा युनिटनी मिळून प्रशिक्षित तंत्रज्ञ बोलावला, दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच वेळी, त्याच कोनातून फोटो घेतले, तर तुलना करता येते. एका फोटोपेक्षा दोन वर्षांतला फरकच जास्त सांगतो.

जबाबदारी कोणाची

ज्वलनशील इंधनाच्या साठ्यावर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा संकट गटाचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं. म्हणजे कागदावर साखळी पुरी आहे. ती तालुक्यापर्यंत पोहोचते का, हे तपासायला ग्रामसभेत तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत : गावाशेजारच्या टाकीत काय आहे, तिची जाडी शेवटची कधी मोजली, आणि भोंगा वाजला तर लोकांनी कोणत्या दिशेला पळायचं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणताच कॅमेरा देत नाही. ते कारखान्याने आणि प्रशासनाने गावाला आधीच सांगून ठेवायचं असतं. आग लागल्यावर विहीर खोदून भागत नाही.